हातचा

अल्माटीच्या विमानतळावर धुकं उतरलंय,
ओस्केमेनचं विमान सात तास पुढे गेलंय.
फलकावर लाल अक्षरं. कुणी भांडत नाही.
धुक्याशी काय भांडायचं.

एकतीस वर्षं अक्तोबेच्या शाळेत गणित शिकवलं,
तेव्हा बोर्डिंग पास उलटा केला
आणि पेन्सिल काढली.

लाउंजचे बावीस हजार तेंगे, माणशी.
बाहेर चहा अठराशे; सात तासांत तीन कप, चोपन्नशे.
सामसा बावीसशे, तोही कालचा असणार.
पाणी नऊशे.
पिशवीत बाउरसाक आहेत, पण ते नातीच्या पाळण्याचे,
त्यांना हात लावायचा नाही.
एकूण साडेआठ हजार. वजा केले.
साडेतेरा हजार उरले, भागिले सात:
ताशी एकोणीसशे अठ्ठावीस, बाकी चार.
हे झालं सोफ्याचं भाडं.
माझा डावा गुडघा म्हणाला, दे.
मी म्हटलं, तुला कोण विचारतंय?

"आपाय, हे गणित पुढे कुठे लागतं?"
मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.
इथे लागतं, बाळा.
गेट नंबर नऊ, रात्री पावणेबारा.

समोर व्हॉलीबॉलच्या पोरी फरशीवरच झोपल्यात,
एकीचं डोकं दुसरीच्या पोटावर.
एक ट्रकवाला टोपी तोंडावर घेऊन घोरतोय.
त्यांना झोप फुकट येते.
माझ्या वयात तिलाही तिकीट लागतं.

या खुर्च्यांना मध्ये मध्ये लोखंडी हात आहेत,
कुणी आडवं होऊ नये म्हणून.
चार वर्षांपूर्वी तोलेगेन इथेच बसला होता,
अस्तानाच्या इस्पितळाची फाईल मांडीवर,
नऊ तास.
त्या काचेच्या दाराकडे बघून एकदाच म्हणाला,
"आत पाठ टेकता येत असेल, नाही?"
मी पेन्सिल काढली.
दोघांचे मिळून किती, तेवढ्यात मेंढीची मांडी किती,
सगळं नीट मांडून दाखवलं.
तो हसला. "बरोबर आहे तुझं."
उत्तर बरोबरच होतं.
हातचा धरायचा राहिला.

दारापाशी मोल्दिर नावाची मुलगी.
"आपाय, रोख की कार्ड?"
रोख. मोजून, दोनदा.

आत काही स्वर्ग नव्हता.
सूप कोमट. सफरचंदांना मेणाची चकाकी.
एकजण फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल असा
सिमेंटचा भाव करत होता.
मी बूट काढले. राखाडी लोकरीचे मोजे, अंगठ्याशी रफू.
कुणी पाहिलं नाही.
शेजारच्या सोफ्यावर पिशवी ठेवली,
मग उचलून मांडीवर घेतली.
ती जागा तशीच राहू दिली.

चहा ओतला. त्यात दूध घातलं, आधी नाही, नंतर,
तो घालायचा तसं.
पाठ टेकली.
डोळा लागतोय तोच
ध्वनिवर्धक खाकरला: धुकं विरलं,
ओस्केमेनच्या प्रवाशांनी गेटवर यावं.

पन्नास मिनिटं.
बावीस हजार भागिले पन्नास:
मिनिटाला चारशे चाळीस. बाकी शून्य.
इतका स्वच्छ भागाकार
वर्गात दिला असता तर पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या.
"पैसे परत मिळत नाहीत, आपाय," मोल्दिर म्हणाली,
जणू तिनेच धुकं हटवलं होतं,
आणि एक सफरचंद माझ्या कोटाच्या खिशात कोंबलं.

विमानाकडे नेणाऱ्या बसमध्ये नुरकेनचा फोन.
"आई, बाहेरच बसलीस ना त्या खुर्च्यांवर? मला माहितीये तुला."
नाही रे. आत बसले.
"खरंच? किती घेतले?"

बस वळली. काचेवर अजून ओल होती,
बोटाने एक रेघ ओढली,
वर काही लिहिलं नाही, खालीही नाही.

अकरा हजार, मी म्हटलं.
माणशी.